तलावाकाठचं लपण



या वेळी होटगीहून एक पत्र आलंय. लिहिणारा सातवीत आहे. अक्षर किरटं आहे, पण प्रश्न फार चांगला विचारलाय. तो लिहितो, "काका, आमच्या तलावावर थंडीत बदकं येतात. कधीकधी डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले मोठे हंसपण येतात. पण आम्ही जवळ गेलो की सगळे भुर्रकन उडून दुसऱ्या काठाला जातात. आम्ही झुडपामागं लपलो, रांगत गेलो, एकदा तर माझे दोन्ही गुडघे फुटले. तरी त्यांना कळतंच. कसं काय?" आणि पत्राच्या शेवटी, जागा उरली नाही म्हणून समासात, लिहिलंय, "दादा म्हणतो, हे शिकाऱ्यांनाच जमायचं, तुला नाही जमणार."

दादाचं म्हणणं अर्धं खरं आहे. पाखरांना आपला पत्ता लागू न देता बसायची विद्या शिकाऱ्यांनीच पक्की केली. मलाही ती एका शिकाऱ्यानं शिकवली. तेव्हा आधी त्यांची गोष्ट सांगतो, मग होटगीला येऊ.

१९६९ सालचा हिवाळा. मी तेव्हा सातवीतच होतो. आम्ही सोलापुरात राहायचो. शेजारच्या अण्णांकडं बारा बोअरची बंदूक होती. त्या काळी परवाना काढून बदकं मारता यायची. अण्णांनी एकदा माझ्या वडिलांना विचारून मला बरोबर नेलं. होटगीला नव्हे, शहराच्या उत्तरेला, तुळजापूर रस्त्यावरच्या हिप्परग्याच्या तलावावर. एकरुख तलाव म्हणतात तो हाच.

पहाटे चारला सायकलवर डबलसीट निघालो. दात वाजत होते. तलावाशी पोचलो तर अण्णा म्हणाले, "सांग बघू, आपण कुठं बसणार?" मी अंधारात डोळे ताणून पाहिलं. काठावर नुसतं गवत, दोन बाभळी आणि बेशरमीची जाळी. मला काही दिसेना. अण्णा चार पावलं पुढं गेले, त्या जाळीचं एक तोंड बाजूला केलं आणि आत शिरले. ते त्यांचं लपण होतं. आठ दिवसांपूर्वी येऊन त्यांनी ते करून ठेवलं होतं, आणि मी दहा पावलांवर उभा राहून त्याच्याकडं बघत होतो.

आत गेल्यावर मला तीन गोष्टी सांगितल्या. बूड हलवायचं नाही. खोकला आला तर गिळायचा. "आणि काय बी झालं तरी वर बघायचं नाही बे." मी विचारलं, का? तर म्हणाले, "तोंड चमकतं."

फटफटायला लागलं. डोक्यावरून सूं सूं असा आवाज आला, जसा कुणी रेशमी कापड फाडतंय. तलवार बदकांचा थवा होता. शेपटीला तलवारीसारखं लांब पीस असतं ना, ती. आणि मी वर बघितलं. बघितलं म्हणजे काय, बघितलं गेलं! तो अख्खा थवा हवेत भिंतीला धडकावा तसा मागं वळला. अण्णा रागावले नाहीत, काही बोललेच नाहीत. त्यामुळं मला जास्त लाज वाटली.

दुसरा थवा आला तेव्हा मी मान खाली घालून बसलो. दोन बार झाले. दोन बदकं पडली. एक जवळच पडलं. दुसऱ्याच्या पंखाला लागलं होतं, ते लांब पाण्यात पडलं आणि पोहत पोहत पाणकणसात शिरलं. अण्णा कमरेएवढ्या गार पाण्यात उतरले. एकेक कणीस बाजूला करत दुपारपर्यंत शोधलं त्यांनी. नाही सापडलं. परत येताना सायकल हातात धरून चालत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मेलेलं दिसतं. हे दिसत नाही."

अण्णांनी त्यानंतर बंदूक टाकून दिली, असं मी सांगणार नाही, कारण तसं झालं नाही. पण मला ते बदक काही विसरता येईना. पुढच्या रविवारी मी भीत भीत विचारलं, "अण्णा, मी लपणात नुसता बसलो तर चालेल का?" ते हसले. म्हणाले, "बस की. लपणाला काय बंदूक लागती का?"

तेव्हापासून मी नुसताच बसतो.

आता कुणालाही नुसतंच बसावं लागतं, हेही सांगून टाकतो. १९७२ साली आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा आला. सुरुवातीला त्यात परवाना काढून शिकार करायची सोय शिल्लक होती. १९९१ च्या दुरुस्तीनं ते परवानेच गेले. जंगली बदकाला किंवा हंसाला मारणं, पकडणं, त्यांची अंडी उचलणं हा गुन्हा आहे. गलोलीनं मारलं तरी गुन्हाच. "एकच खडा मारला" हे कारण चालत नाही!

हा कायदा का लागला, ते कळायला राजस्थानातल्या भरतपूरला जाऊन या. तिथल्या केवलादेव उद्यानात एक दगडी फलक आहे. कोणत्या वर्षी कोण बडे पाहुणे आले आणि त्यांनी किती पाखरं मारली, याची त्यावर यादी कोरलेली आहे. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसाचा आकडा आहे ४,२७३. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो पाहुणे म्हणून आले होते. पाण्याभोवती आडोशाला बंदुका घेऊन माणसं बसलेली, आणि पाखरांना जायला जागाच नाही. गंमत बघा, त्याच १२ नोव्हेंबरला मुंबईच्या एका माणसाचा बेचाळिसावा वाढदिवस होता. त्यांचं नाव डॉ. सालिम अली. लहानपणी त्यांनीही छर्‍याच्या बंदुकीनं एक चिमणी मारली होती. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कुठली चिमणी, म्हणून विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथल्या मिलार्डसाहेबांनी त्यांना कपाटं उघडून शेकडो पाखरांचे नमुने दाखवले आणि मुलगा तिथंच अडकला, तो जन्मभर. तेच भरतपूर १९८५ साली जागतिक वारसा स्थळ झालं. आता लोक तिथं दुर्बिणी घेऊन जातात.

आणि आपल्या सोलापूरचं नाव घेतल्याशिवाय पुढं कसं जाऊ? अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्म सोलापूरचा, ५ नोव्हेंबर १९३२ चा. आपण आज पाखरांना जी मराठी नावं देतो, ती गोळा करण्यासाठी त्यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं घालवली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये सोलापुरातच ते गेले. त्यांचा वाढदिवस ५ नोव्हेंबर, सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. म्हणून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. होटगीच्या दोस्ता, तुझं लपण त्या आठवड्यात उभं राहायला काय हरकत आहे?

चला तर, होटगीला.

पहिल्या दिवशी काहीही बांधायचं नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण लपण म्हटलं की मुलं आधी बांबू शोधायला पळतात. पहिल्या दिवशी लांब, तलावाच्या भरावावर बसा आणि फक्त बघा. पाखरं कुठं पोहतात ते महत्त्वाचं नाही. ती काठाला कुठं येतात, ते बघा. बदकांतही दोन जाती असतात म्हणा ना. थापट्या, तलवार बदक, चक्रांग ही उथळ पाण्यात डोकं बुडवून, बूड वर करून खातात. लालसरी मात्र खोल पाण्यात बुडी मारते. तेव्हा उथळ काठाशी लपण केलंत तर थापट्या दिसेल, लालसरी लांबच राहील. चक्रवाक तर पाण्यापेक्षा काठावरच्या चिखलात जास्त चालतो. ऊन चढल्यावर पाखरं उठून गेली की त्या जागी हळूच जाऊन या. ओल्या मातीत पायाचे ठसे, गळालेली पिसं, विष्ठा दिसली की समजा, हॉटेलचा पत्ता लागला.

आता सूर्य. सकाळी बसणार असाल तर पूर्वेच्या काठावर बसा, म्हणजे ऊन तुमच्या पाठीवर आणि पाखरांच्या अंगावर पडेल. उलट बसलात तर पाणी आरशासारखं चमकेल आणि सगळी बदकं काळीच दिसतील. घरी येऊन "काळं बदक बघितलं" म्हणाल, आणि तसलं बदक पुस्तकात सापडणार नाही.

मग वारा. मूठभर धूळ हवेत सोडा, कळेल. बदकं आणि हंस उतरताना वाऱ्याकडं तोंड करून उतरतात, जसं विमान उतरतं. म्हणजे वारा तुमच्या पाठीवर असेल तर पाखरू तुमच्याकडं तोंड करून, पाय पुढं ताणून उतरणार. आपल्याकडं थंडीत वारा बहुतेक वेळा पूर्वेकडून, ईशान्येकडून असतो. म्हणजे सकाळी पूर्वेच्या काठावर ऊनही पाठीवर आणि वाराही पाठीवर! अण्णा म्हणायचे, जागा चुकली की लपण कितीही झकास केलं तरी ते नुसतं खोपटं.

आणखी एक गोष्ट पुस्तकात सापडत नाही, पण आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. आपले तलाव आटतात. नोव्हेंबरात जिथं पाणी होतं, तिथं फेब्रुवारीत भेगाळलेला चिखल असतो. काठ मागं मागं जातो. मी एकदा दिवाळीनंतर मोठ्या हौसेनं लपण केलं आणि जानेवारीअखेर गेलो तर पाणी इतकं लांब गेलं होतं, की माझ्या लपणासमोर कुणाची तरी म्हैस बसली होती. तिचं निरीक्षण मात्र उत्तम झालं. तेव्हा लपण असं हवं, की दोघांनी उचलून पुढं नेता येईल.

त्यासाठी फार काही लागत नाही. छातीएवढ्या उंचीच्या चार काठ्या, सुतळी आणि धान्याची जुनी गोणपाटं. जुनी मोडकी छत्री असली तर फारच छान, तिच्या काड्यांवर गोणपाट टाकलं की छप्पर तयार. बाजारात ते हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचं लष्करी कापड मिळतं ना, त्यात पैसे घालू नका. आपल्या माळरानाच्या काठावर ते हिरवं ठिगळ उठून दिसतं. गोणपाट तिथल्याच चिखलात बुडवून वाळवलं की झालं, तलावानं स्वतःच रंग दिला.

झाकायचं कशानं? आजूबाजूला जे असेल त्यानं, आणि ज्या महिन्यात जे असेल त्यानं. ज्वारीचा कडबा घरोघर असतो, म्हणून मुलं तोच आणतात. पण नोव्हेंबरात शेतातली ज्वारी हिरवीगार असते, काठावरचं गवत अजून ओलं असतं, आणि त्यात पिवळा कडबा म्हणजे लग्नाच्या मांडवासारखा! फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळंच वाळलं की तोच कडबा अगदी बेमालूम. पाणकणीस हिरवं असताना मात्र कापू नका, त्यात पाणकोंबड्या राहतात. वाळून पडलेलं घ्या. आणि दर आठवड्याला एकदा बघा, कारण हिरव्या फांद्या चार दिवसांत सुकतात आणि लपण एकटंच तपकिरी पडतं.

आकारही ओबडधोबड पाहिजे. सरळ कड, चौकोनी कोपरा रानात कुठंच नसतो, म्हणून पाखराच्या डोळ्यांना तो खुपतो. वरून आच्छादन हवंच. आपण माणसं समोरून बघतो, म्हणून समोर भिंत घालतो आणि वर मोकळं सोडतो. पाखरू वरून येतं, त्याला तुमचं डोकं सरळ दिसतं. आणि लपणाच्या मागं एखादं झुडूप किंवा बांध असू द्या. पाठीमागं उघडं आभाळ असलं की बघायच्या फटीतून तुमची सावली हलताना दिसते.

त्यांचे डोळे किती तिखट असतात, ते ऐका. आपले डोळे पुढं असतात, बदकाचे दोन्ही बाजूंना असतात. त्याला मान न वळवता मागचंही दिसतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९९ साली आणखी एक गोष्ट दाखवली. रांगेत झोपलेल्या बदकांपैकी कडेची बदकं बाहेरच्या बाजूचा एक डोळा उघडा ठेवून झोपतात! अर्धा मेंदू झोपतो, अर्धा पहारा देतो. तुम्ही रांगत गेलात, गुडघे फोडून घेतलेत, ते सगळं त्या एका डोळ्यानं बघितलं होतं. रंगही त्यांना आपल्यापेक्षा जास्त दिसतात. म्हणून शाळेचा पांढराशुभ्र, नीळ घातलेला शर्ट नको, मळखाऊ कपडे बरे. पण खरं सांगू का? कपड्यापेक्षा हालचाल वाईट. लाल शर्ट घालून दगडासारखा बसलेला मुलगा चालेल, मातकट शर्ट घालून चुळबुळ करणारा चालणार नाही. लाल शर्टवाला मी स्वतः बघितलाय.

लपण उभं केलं की लगेच त्यात बसायचं नाही. चार-सहा दिवस तसंच सोडा. पाखरांना त्याची सवय होऊ द्या. ही सवय लावायची युक्ती फार जुनी आहे. पूर्वी आपल्या देशात काही ठिकाणी बदकं पकडणारे लोक पाण्यात नुसती रिकामी मडकी सोडून द्यायचे. पहिल्या दिवशी बदकं लांब राहायची. मग बघायची, मडकं काही करत नाही. दोन-तीन दिवसांनी मडक्यांच्या मधून पोहायला लागायची. मग एके दिवशी एक मडकं हळूहळू जवळ यायचं. त्याच्याखाली माणूस असायचा, गळ्यापर्यंत पाण्यात, डोक्यावर मडकं, त्याला बघायला दोन भोकं. बदकाचे पाय पाण्याखालून धरले की शेजारच्या बदकाला पत्ता लागायचा नाही.

आपल्या महाराष्ट्रातल्या पारधी समाजाची विद्या तर याहून भारी. त्यांच्यातल्या एका शाखेचं नावच गाय-पारधी. शिकवलेली गाय किंवा बैल पुढं चालवायचा, जनावर चरत चरत सरकतंय आणि माणूस त्याच्या आडून पावलाला पाऊल लावून चालतोय. पाखरांना गुराची भीती नसते, कारण गुरं त्यांनी रोज बघितलेली असतात. बिनछपराचं, चालतं-फिरतं लपण! पाखराचं मन ओळखण्यात या लोकांचा हात धरणारं कुणी नव्हतं. इंग्रजांनी मात्र १८७१ साली कायदा करून अनेक भटक्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, त्यात पारधीही भरडले गेले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. शिक्का लोकांच्या डोक्यातून जायला फार वेळ लागतोय, ही गोष्ट वेगळी.

गंमत म्हणजे हीच गायीची युक्ती तिकडं इंग्लंडात दोन भावांना सुचली. रिचर्ड आणि चेरी कीर्टन. पाखरांचे फोटो काढायचं वेड असलेली ही जोडी. १९०० च्या सुमारास त्यांनी बैलाचं कातडं लाकडी सांगाड्यावर चढवून पोकळ बैल तयार केला. रिचर्ड त्याच्या पोटात उभा राहायचा आणि कॅमेरा बैलाच्या छातीतून बाहेर बघायचा. एकदा आत इतका वेळ वाकून उभा राहिला, की चक्कर येऊन पडला, आणि बैल चारी पाय वर करून उताणा! भावानं त्याला बाहेर काढायच्या आधी त्याचाच फोटो काढला म्हणतात. तुम्ही असलं काही करू नका. आपलं गोणपाट बरं.

बसायला उजाडायच्या आत जावं लागतं. उशीर झाला आणि पाखरं आधीच काठावर असली, तर एक युक्ती आहे. दोघांनी मिळून लपणाकडं जायचं. पाखरं लांब सरकतील. एकानं आत बसायचं आणि दुसऱ्यानं मोठ्यानं बोलत, हात हलवत, दिसेल असं परत जायचं. बहुतेक पाखरांना वाटतं, आलेलं संकट गेलं. दोन आले आणि एकच गेला, हा हिशेब त्यांना जमत नाही. कावळ्यांपुढं मात्र या युक्तीची खात्री देत नाही, ते फार हुशार.

आता त्या दोन काळ्या पट्ट्यांच्या हंसाकडं येतो. त्याचं नाव पट्टकादंब. काही लोक त्याला राजहंसही म्हणतात. त्याची गोष्ट वाचताना जरा सावरून बसा. उन्हाळ्यात हा पक्षी मंगोलियात, तिबेटात, आपल्या लडाखमध्ये उंच तलावांकाठी अंडी घालतो आणि थंडीत हिमालय ओलांडून आपल्याकडं येतो. शास्त्रज्ञांनी या हंसांच्या पाठीवर छोटी यंत्रं बसवून त्यांची उंची मोजली, तेव्हा एकानं सात हजार मीटरच्याही वर उड्डाण केल्याची नोंद मिळाली. तिथं हवा इतकी विरळ असते, की आपल्याला दोन पावलं चालताना धाप लागेल. तो तिथं पंख मारत उडतो. आणि मार्चच्या आसपास त्याला तेवढंच अंतर परत जायचं असतं. त्यासाठी लागणारी चरबी कुठं साठते? तुमच्या तलावाकाठी, तुमच्या हरभऱ्याच्या शेतात.

तर काठाशी चरणारा थवा आपण एकदा उठवला, की त्यांचं खाणं बंद आणि उडण्याची मेहनत फुकट. दिवसातून चार पोरांच्या टोळ्या आल्या तर चार वेळा. माझ्या मते लपणाचा खरा उपयोग हाच, आपल्याला जवळून दिसावं हा नव्हे, तर आपण आलोय हे त्यांना कळूच नये. म्हणूनच ड्रोन उडवून थव्याचं चित्रीकरण करणाऱ्यांचा मला राग येतो. वरून घोंगावत येणारी वस्तू म्हणजे हंसाला मोठा शिकारी पक्षीच वाटणार.

हंस बदकांपेक्षा जास्त सावध. थवा चरत असताना दोन-तीन जण मान उंच करून उभे असतात, ते पहारेकरी. त्यांच्याकडं लक्ष ठेवा. दोन-तीन माना वर असतील तर ठीक आहे. सगळ्यांच्याच माना ताठ झाल्या, खाणं थांबलं आणि थवा पाण्याकडं चालू लागला, तर समजा तुमचं काहीतरी चुकलंय. तेव्हा हलू नका, फोन काढू नका, श्वाससुद्धा हळू घ्या. माना खाली गेल्या तर वाचलात. नाही गेल्या तर पुढच्या वेळी लपण आणखी मागं घ्या. मागं घेण्यात कमीपणा नाही. हंसांसाठी मी लपण नेहमी बदकांच्या दुप्पट अंतरावर करतो.

शेतकऱ्यांची तक्रारही ऐकून घ्या. थवा हरभऱ्यात किंवा गव्हात उतरला की कोवळे शेंडे खातो, आणि ज्याचं शेत आहे त्याला हिमालयाचं कौतुक ऐकवून पोट भरत नाही. म्हणून काठावरचं शेत कुणाचं आहे ते विचारून, त्यांची परवानगी घेऊनच लपण करा. बांध तुडवू नका. बहुतेक वेळा तेच तुम्हाला सांगतील, हंस कुठल्या वेळेला कुठून येतात. त्यांच्याइतकं नेमकं कुणालाच ठाऊक नसतं.

आई-बाबांसाठीही दोन शब्द. मुलांना एकटं पाठवू नका, निदान पहिल्या काही वेळा कुणीतरी मोठं बरोबर जा. तलावाचा चिखल वरून सुकलेला दिसतो आणि आत मांडीपर्यंत पाय जातो, तेव्हा लपण कोरड्या, टणक जमिनीवरच हवं. काठावर पाण्याच्या मोटारींच्या वायरी पडलेल्या असतात, त्यांना हात लावायचा नाही, ओलांडतानाही जपून. कडब्याची पेंढी उचलण्याआधी काठीनं हलवायची, खाली घोणस किंवा फुरसं असू शकतं. आणि मुलगा पहाटे पाचला उठून चिखलानं माखून परत आला, काय बघितलं विचारलं तर "काही नाही, बसलो होतो" म्हणाला, तर रागावू नका. पहिले दोन-तीन दिवस तसेच जातात.

बघितलेलं लिहून ठेवायला एक वही करा. तारीख, वेळ, वारा कुठून, पाणी कुठपर्यंत, आणि कुठलं पाखरू किती. दर वर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून. भारतासकट कितीतरी देशांत लोक आपापल्या तलावावर जाऊन पाखरं मोजतात. तीन-चार हिवाळे वही नीट ठेवलीत, तर होटगीच्या तलावाबद्दल तुमच्याकडं अशी माहिती असेल, जी मोठ्या शास्त्रज्ञांकडंही नसेल. नाशिक जिल्ह्यातलं नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. तिथं पाखरं बघायला चांगले मनोरे आहेत, सहल निघाली तर जरूर चढा. पण मनोऱ्यावरून बघणं आणि गोणपाटातून बघणं यात फरक आहे. गोणपाटातून बघताना बदक चोचीनं चिखल गाळतं, त्याचा चप् चप् आवाज येतो.

आणि होटगीच्या दोस्ता, दादालाही बरोबर घे. दोघं जा आणि एक परत ये, ही युक्ती करायला दुसरा माणूस लागतोच. परत जाणारं काम त्याला दे. तू आत बस, घड्याळ बघ आणि दादा गेल्यापासून पहिलं बदक काठाला यायला किती मिनिटं लागली, ते मला लिहून कळव. माझा हिप्परग्यावरचा आकडा मी आता सांगत नाही. तुझं पत्र आलं की सांगेन.

तुमचा,
काका